जैसलमेर कॅन्सल, नगर कन्फर्म

जैसलमेरचं सगळं ठरलं होतं. फेब्रुवारीतले चार दिवस, जोधपूरपर्यंत विमान, पुढे भाड्याची गाडी, दोन रात्री तंबूत. वाळूच्या टेकडीवर उभं राहून वाऱ्यावर उडवायला मी एक लालभडक दुपट्टाही घेऊन ठेवला होता. हसू नका, तुम्हीही घेतला असता. आणि मग नवऱ्याच्या प्रोजेक्टची तारीख सरकली. वरून निरोप आला की चार दिवस सुट्टी विसरा, सोमवार तेवढा मिळेल.

शनिवार, रविवार, सोमवार. तीन दिवसांत जैसलमेर होत नाही. झालं तरी त्याला ट्रिप नाही, शिक्षा म्हणतात. मी वैतागून म्हटलं, "तुझं गाव म्हणजे वाळवंटच आहे ना? मग तिकडेच जाऊ या."

हे मी टोमणा म्हणून म्हटलं होतं. आमच्या घरातला हा जुना विषय. मी ठाण्याची. नवरा नगर जिल्ह्यातला, कर्जत तालुक्यातला. (रायगडातलं कर्जत नव्हे. हे वाक्य मी लग्नापासून तीन वर्षांत किमान तीनशे वेळा म्हटलंय. "अय्या, मग माथेरान जवळच!" नाही हो.) त्याला गावाबद्दल काहीही विचारा, उत्तर ठरलेलं. "काही नाही गं तिथे. दगड आणि बाभळी." तीन वर्षांत आम्ही चार वेळा गेलो असू. दर वेळी रात्री पोचायचं, सकाळी पूजा किंवा जे काही असेल ते उरकायचं आणि दुपारी परत. इतर लोक गावाहून फोटो काढून आणतात, हा ज्वारीचं पोतं आणतो आणि गप्प बसतो.

टोमणा त्याला लागला की काय कोण जाणे. रात्री लॅपटॉप मिटत म्हणाला, "चल. पण आपण टुरिस्ट म्हणून जायचं. सरळ घरी नाही. आधी मीच न पाहिलेलं काहीतरी बघायचं."

म्हणून आमची सेकंडहॅण्ड वॅगन-आर, दोन थर्मास, एक लाल दुपट्टा (आणला मी, फुकट का घालवायचा?) आणि पहाटे साडेपाचला पुणे-नगर रोड.

आता थोडा भूगोल, कंटाळू नका. २०२४ मध्ये ज्याचं नाव अहिल्यानगर झालं तो हा जिल्हा क्षेत्रफळानं महाराष्ट्रात सगळ्यात मोठा. सतरा हजारांहून जास्त चौरस किलोमीटर. त्याच्या पश्चिम टोकाला, अकोल्यात, कळसूबाई. १६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर. तिथे पाऊस असा पडतो की छत्री नावाचा प्रकार हास्यास्पद वाटावा. आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्व-दक्षिणेला कर्जत, जामखेड, पाथर्डी. तिथे पावसानं जेमतेम पाच-सहाशे मिलीमीटरची हजेरी लावली तरी लोक खूश. ढग सह्याद्रीवर रिकामे होतात आणि पुढे नुसतीच सावली येते. पर्जन्यछायेचा प्रदेश हा शब्द आपण सातवीत पाठ केला होता. त्या शब्दात राहणारी माणसं असतात हे मात्र मला लग्नानंतर कळलं.

पहिला थांबा निघोज. शिरूरच्या पुढे आत वळलं की पारनेर तालुक्यात कुकडी नदीच्या पात्रात रांजणखळगे आहेत. फोटोत मी पाहिले होते, पण फोटो काहीच सांगत नाहीत. आपण सपाट माळावरून जात असतो आणि एकदम जमीन फाटते. खाली काळा कुळकुळीत कातळ, आणि त्याला कुणीतरी चमच्यानं कोरून काढावं तसे खड्डे. काही परातीएवढे, काही आख्खा माणूस उभा मावेल एवढे, कडा अशा गुळगुळीत की हात फिरवत बसावं. कारण अगदी साधं आहे. पुराच्या पाण्यात भोवरे होतात, भोवऱ्यात दगडगोटे अडकतात, ते गरगर फिरतात आणि जात्यासारखे खालचा कातळ दळत राहतात. हजारो वर्षं. काही रांजणांच्या तळाशी ते गोटे अजून बसलेले दिसतात, ड्यूटी संपल्यासारखे. काठावर मळगंगा देवीचं देऊळ. नवस बोलायला आलेली एक आजी आम्हाला ओरडली, "कडंला जाऊ नका गं, पाय सटकतो." खरंच सटकतो. चपला नको, बूट घाला.

"तू हे पाहिलं नव्हतंस?" मी विचारलं.

"नाही. शाळेची सहल शिर्डीला जायची."

तिथून टाकळी ढोकेश्वर. नगर-कल्याण रस्त्यालगतच्या गावाजवळ डोंगरात कोरलेलं लेणं, साधारण सहाव्या शतकातलं. आत सप्तमातृका ओळीनं बसल्यात, गाभाऱ्याच्या दाराशी गंगा आणि यमुना. वेरूळसारखी गर्दी नाही, तिकीट नाही, गाइड नाही. आम्ही दोघं आणि एक कुत्रं. मग जवळच वडगाव दर्या, जिथे दरीत उतरलं की कपारीत छताला चुनखडीचे लोंबते खांब तयार झालेत आणि आजूबाजूच्या माकडांना आपल्या पर्समध्ये नक्की काय आहे ते माहीत असतं. माझा खाकरा गेला. यावर जास्त बोलत नाही.

रात्री नगरात मुक्काम. लॉजबद्दल न बोललेलं बरं, पण दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही पाथर्डी रस्त्याच्या डोंगरावर गेलो, चांदबीबीच्या महालावर. गंमत म्हणजे तो महाल नाही आणि चांदबीबीचाही नाही. निजामशाहीतला सरदार सलाबतखान, त्याची ती कबर. अष्टकोनी, तीन मजली, डोंगराच्या माथ्यावर एकटीच. पण लोकांनी एकदा चांदबीबीला देऊन टाकली ती टाकली. मोगलांशी लढलेली राणी हवी की कुणी सरदार? माझं मत लोकांच्या बाजूनं. सूर्य वर येत होता, खाली पार क्षितिजापर्यंत पिवळं-करडं रान पसरलेलं, आणि मला पहिल्यांदा वाटलं की हे जैसलमेरपेक्षा कमी नाही. दुपट्टा काढला. फोटो काढले. नवऱ्यानं चक्क न कुरकुरता काढले.

इथपर्यंत ही सगळी मजेमजेची गोष्ट होती.

नगर-सोलापूर रस्त्यानं आम्ही दक्षिणेला निघालो. जसजसं खाली जावं तसतशी झाडं बुटकी होत गेली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वेडी बाभूळ. ही मुळात बाहेरून आणलेली, सरपणाला आणि ओसाड जमिनीला म्हणून, आणि आता कुणाचंच ऐकत नाही. ज्वारीची काढणी चालली होती. कुठे ट्रॅक्टरवर कडब्याच्या पेंढ्या, कुठे नुसतं मोकळं रान. मिरजगाव मागे टाकलं आणि एका आडरस्त्यावर नकाशाच्या नादानं शिरलो. फस्सऽऽ. वेडी बाभळीचा काटा. अडीच इंच. टायरमध्ये असा घुसलेला जणू तिथेच उगवला होता.

स्टेपनी लावून कसेबसे पुढच्या फाट्यावर पोचलो. पत्र्याची टपरी, बाहेर टायरांची उतरंड, आत एक पन्नाशीचे गृहस्थ. त्यांनी काटा पक्कडीनं उपसला, रबराची पट्टी आत सारली, हवा भरली, थुंकी लावून बुडबुडा येतोय का पाहिलं. हे सगळं करताना ते नवऱ्याकडे बघत होते.

"तू तात्यांचा ना रं?"

तात्या म्हणजे माझे सासरे. नवरा "हो" म्हणाला.

"म्हनलं कुठंतरी पाह्यलंय. तोंडवळा तोच. अरं, छावणीत तात्यांची दावण आमच्या शेजारीच व्हती की! तेरा सालात. चार महिनं. तू नव्हता तिथं?"

"नाही. मी पुण्यात होतो. कॉलेजला."

"हां, तात्या म्हनायचे. पोरगं इंजनेर व्हतंय म्हून." त्यांनी पैसे घ्यायला साफ नकार दिला. मी जबरदस्तीनं ठेवले तर चहा मागवला. चहा पिताना नवरा एक अक्षर बोलला नाही. गाडीत बसल्यावरही नाही. मी ओळखते त्याला. ऑफिसमध्ये काही बिनसलं की तो बडबडतो. गप्प बसतो तेव्हा प्रकरण वेगळं असतं.

चार वाजता आम्ही रेहेकुरीला पोचलो. काळविटांचं अभयारण्य, १९८० मध्ये जाहीर झालेलं. केवढं आहे म्हणाल तर २.१७ चौरस किलोमीटर. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या आयटी पार्कपेक्षाही लहान. दाट जंगल, धबधबा असलं काही नाही. गवताळ माळ, काटेरी झुडपं आणि शांतता. पहिली पंधरा मिनिटं काहीच दिसलं नाही. मग गवतालाच पाय फुटल्यासारखं झालं. बदामी रंगाच्या माद्या, दहा-बारा, आणि त्यांच्या मागे एक नर. पाठ काळी, पोट पांढरं, शिंगं पिळदार. त्यानं आमच्याकडे पाहिलं, दखल घेण्यासारखं काही नाही असं ठरवलं आणि चरायला लागला.

याच पट्ट्यात माळढोक असायचे. १९७९ मध्ये सोलापूर आणि नगर मिळून त्यांच्यासाठी ८,४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं होतं. त्यात गावंच्या गावं, शेतं, रस्ते, सगळंच आलं आणि लोकांना स्वतःच्या जमिनीवर काही करायची चोरी झाली. पुढे ते कापून साधारण १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. तोवर पक्षीच जवळपास संपले होते. वर्षाला बहुतेक एकच अंडं घालणारा पक्षी, किती टिकणार? आज देशात दीडशेच्या आतबाहेर माळढोक उरलेत असं सांगतात आणि त्यातले बहुतेक कुठे? जैसलमेरला. मी हे मोबाइलवर वाचून दाखवलं. म्हटलं, "बघ, तुमच्या माळढोकांनीसुद्धा जैसलमेर गाठलं."

तो हसला नाही. म्हणाला, "मी छावणीत एकदाही गेलो नाही."

छावणी म्हणजे काय ते शहरात राहणाऱ्यांना सांगावं लागेल. मलाही माहीत नव्हतं. २०१२ चा पाऊस या भागात जवळजवळ झालाच नाही. ना चारा, ना पाणी. अशा वेळी सरकारी अनुदानावर जनावरांच्या छावण्या उघडतात. माळावर ओळीनं दावणी, वर कापडाचं किंवा पाल्याचं छप्पर, रोज मोजून चारा, टँकरचं पाणी. पण गाय एकटी कशी राहणार? म्हणून माणूसही तिथेच राहतो. दावणीशेजारी खाट, चूल, कंदील. घराला कुलूप. महिनोन् महिने.

"सेकंड इयरला होतो," तो म्हणाला. "रूमवर आम्ही चौघं. एकाचे वडील डॉक्टर, एकाचे बँकेत, एकाचे मुंबईत कसलेसे मोठे ऑफिसर. मी सांगितलं होतं, आमचा डेअरीचा बिझनेस आहे."

"दोन गाई होत्या ना तुमच्या?"

"तीन. त्यामुळे अगदीच खोटं नव्हतं." थोडा वेळ गेला. "मेसमध्ये टीव्ही असायचा. एकदा बातम्यांत छावणी दाखवत होते. कर्जत तालुका, असं खाली लिहून आलं. आणि मी ताट तसंच टाकून उठलो. तात्या दिसतील म्हणून."

"दिसले?"

"काय माहीत. पाहिलंच नाही ना मी. मग मे महिन्यात सुट्टी लागली, आईनं विचारलं, कधी येतोस? म्हटलं, प्रोजेक्ट आहे."

"नव्हता?"

"सेकंड इयरला कसला आलाय प्रोजेक्ट."

मला काय बोलावं सुचेना. ठाण्याला आमच्याकडे पाणी एक दिवस आलं नाही तर आई सोसायटीच्या सेक्रेटरीला फोन करते. मी त्याला काय सांगणार होते? उन्हं उतरली होती. काळविटांचा कळप सावकाश दुसऱ्या बाजूला सरकत होता. आम्ही तिथे अंधार पडेपर्यंत उभे होतो आणि मग रखवालदारानं हाकललं.

घरी पोचलो तेव्हा साडेसात वाजले होते. सासूबाईंनी आमटीचं पातेलं चढवलं होतं. या भागात शिपी आमटी म्हणून एक झणझणीत प्रकार होतो, त्यात बाजरीची भाकरी कुस्करायची आणि नाक पुसत खायची. जेवण झाल्यावर अंगणात बसलो होतो. थंडी अजून थोडी होती. तात्या खाटेवर. नवरा ओट्यावर मोबाइल बघत, म्हणजे बघतोय असं दाखवत.

मला गप्प बसता येत नाही, हा माझा दोष समजा. मी सासूबाईंना विचारलं, "आई, छावणीत तुम्ही पण होता?"

मला वाटलं होतं, त्या डोळ्याला पदर लावतील. त्या तर खुलल्याच! "अगं लई मजा व्हती पोरी. हाल झालं, नाही म्हणत नाही, माशा किती, वास किती. पण रोज रातच्याला भजन. समद्या बायका एका जागी. घरी काय, एकटीनं धुनं-भांडी. तिथं गप्पा मारून मारून घसा बसायचा. ह्यांनी तर टाळ वाजवायचं तिथंच शिकलं." मग त्यांनी तीनही गाईंची नावं सांगितली, कुठली दूध चोरायची, कुठली रात्री दावं सोडून दुसऱ्याच्या चाऱ्यात तोंड घालायची आणि त्यावरून कशी भांडणं व्हायची. एक गाय पावसाच्या आधीच गेली. ते सांगताना त्या थांबल्या. तेवढंच.

तात्या मधे बोलत नव्हते. मग एकदम म्हणाले, "ह्याला मीच सांगितलं व्हतं. येऊ नको म्हनून. अभ्यास हाय."

नवऱ्यानं मान वर केली. "तुम्ही कधी सांगितलं होतं? नव्हतं सांगितलं."

"बरं," तात्या म्हणाले. "मग आता सांगितलं."

कुणीच काही बोललं नाही. शेजारच्या घरात कुठलीशी मालिका मोठ्या आवाजात चालू होती. सासूबाई म्हणाल्या, सकाळी लवकर उठायचं असलं तर झोपा आता.

सकाळी नवरा आधीच उठला होता. मी चहा घेऊन बाहेर आले तर तो आणि तात्या गाडीच्या चारही टायरांवर पक्कड घेऊन बसलेले. आणखी तीन काटे निघाले. मग तात्या आम्हाला छावणी जिथे होती तिथे घेऊन गेले. गावापासून दोन-एक किलोमीटर. मला वाटलं होतं काहीतरी खूण असेल. काही नाही. निम्म्या रानात कांदा, निम्मं पडीक, कोपऱ्यात प्लास्टिक अंथरलेलं शेततळं. "हितनं तिथपर्यंत," तात्यांनी हात फिरवला. "आपली दावण त्या लिंबाखाली." लिंब होता अजून. नवरा त्याच्याखाली जाऊन उभा राहिला. "किती दिवस होता तुम्ही?" त्यानं विचारलं. "मिरगापर्यंत," तात्या म्हणाले आणि मग दोघं कांद्याच्या भावावर बोलायला लागले.

परतताना राशीनला थांबलो. देवीच्या देवळात उंच दीपमाळा आहेत. त्यात आतून चढून वरचं लाकूड हलवलं की आख्खी दीपमाळ डोलते. विटांची! कुणी केली असेल ही करामत, इतकी वर्षं कशी टिकली, देव जाणे. मी खालूनच पाहिलं, मला उंचीची भीती वाटते. पुढे भिगवण, पुणे जिल्हा. उजनीच्या पाण्यात रोहित पक्ष्यांची गुलाबी रेघ. तिथे मासे खा. हॉटेलात न बसता एखाद्या खानावळीत खा.

मासे येईपर्यंत मी चांदबीबीच्या महालावरचे फोटो टाकून दिले होते. दुपट्टा काय मस्त उडाला होता म्हणून सांगू! आणि एक फोटो लिंबाखालचा, तात्या आणि नवरा, दोघंही कॅमेऱ्याकडे न बघता. पाच मिनिटांत नवऱ्याच्या जुन्या रूममेटचा मेसेज आला. तोच, डॉक्टरांचा मुलगा. "वा! शेवटी जैसलमेर झालं तर! हे कोण बरोबर, गाइड का?"

मी फोन नवऱ्यापुढे धरला. त्यानं वाचलं. काहीतरी टाइप केलं, खोडलं, परत टाइप केलं. मग फोन मला देऊन तो हात धुवायला गेला.

मी पाहिलं. लिहिलं होतं, "नाही रे, आमचं गाव. हे माझे वडील. शेतकरी आहेत."

खाली तीन टिंबं नाचत होती, तिकडून उत्तर येत होतं. तेवढ्यात मासे आले.